खणातलं लायसन

माझ्या धाकट्या भावाच्या गाडी चालवण्याला मी कित्येक वर्षं नावं ठेवत आलेय. तो पुण्यात राहतो आणि पुण्यातच चालवतो, त्यामुळे साहित्याची कमतरता कधी पडली नाही. इंडिकेटर हा त्याच्या लेखी गाडीबरोबर फुकट आलेला दागिना, हॉर्न मात्र रोजच्या वापरातली वस्तू. २०२५च्या जुलैत आई, तो, माझा नवरा आणि मी असे चौघं जपानला जायचं ठरलं, तेव्हा होक्काइदोत आठ दिवस गाडी मीच चालवणार यावर चर्चासुद्धा झाली नाही. मी नऊ वर्षं स्टुटगार्टला राहते. जर्मन परीक्षा देऊन लायसन मिळवलंय. नवऱ्याने तिथे लायसन काढलंच नाही. घरासमोर ट्राम थांबते, एवढंच त्याचं त्यावर म्हणणं.

तरी भावाने पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. हजार रुपये फी भरली, पासपोर्टच्या आणि तिकिटाच्या झेरॉक्स जोडल्या. "आई म्हणाली, असू दे बरोबर. म्हणून काढलं," असं फोनवर सांगत होता. मी हसले. "तुला काय करायचंय त्याचं? मी आहे ना."

मीही अर्थात माझा परवाना काढलाच होता. स्टुटगार्टच्या कचेरीत फोटो दिला, पंधरा-सोळा युरो भरले, आणि राखाडी वेष्टनाची एक पुस्तिका घेऊन आले. मुदत तीन वर्षं. भावाच्या परवान्याची मुदत फक्त एक वर्ष, हेही मी त्याला न विचारता सांगून घेतलं.

न्यू चितोसे विमानतळाबाहेर गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीची छोटी बस आम्हाला त्यांच्या ऑफिसात घेऊन गेली. काउंटरवरच्या मुलीने माझी पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली, उघडली, परत मिटली आणि मुखपृष्ठावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत तारीख होती, ८ नोव्हेंबर १९६८. मग तिने काउंटरखालून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला. त्यावर चालणाऱ्या परवान्यांची चित्रं होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी चित्रांकडे. माझं कुठल्याच चित्रात नव्हतं.

आता थोडं त्या तारखेविषयी सांगायला हवं. 'आंतरराष्ट्रीय परवाना' हा शब्द ऐकून वाटतं, कुठल्या तरी जागतिक दरबाराने दिलेली सनद असेल, दाखवली की सगळे दरवाजे उघडणारी. ती सनद वगैरे काही नसते. तुमच्या देशाच्या लायसनचा, ठरलेल्या नमुन्यातला, अनेक भाषांत छापलेला तो निव्वळ तर्जुमा असतो. मूळ लायसन जवळ नसेल तर त्याला काही अर्थ नाही. आणि नमुना ठरवणारे करार एक नाही, तीन आहेत: १९२६चा पॅरिसचा, १९४९चा जिनिव्हाचा आणि १९६८चा व्हिएन्नाचा. कुठल्या देशाने कशावर सही केली यावर कुठली पुस्तिका कुठे चालणार ते ठरतं. भारत १९६२ साली जिनिव्हा करारात आला. जपान १९६४ साली, म्हणजे टोकियो ऑलिंपिकच्या आणि पहिल्या शिंकानसेनच्या वर्षी. पुढचा व्हिएन्ना करार या दोघांनीही घेतला नाही. जर्मनीचं बरोबर उलटं. ती व्हिएन्नावाली, जिनिव्हात नाही. म्हणून जर्मन कचेरी मला १९४९चा परवाना देऊच शकत नव्हती आणि जपानी काउंटर १९६८चा घेऊ शकत नव्हतं. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबर होती. चूक माझी, मुखपृष्ठ न वाचण्याची.

(मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी शहरं झाली तीही १९६८ सालीच. तेवढ्याने काही सवलत मिळेल का, असं नवऱ्याने काउंटरपाशी मराठीत विचारलं. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.)

मी घासाघीस करायचा प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. जर्मन लायसन दाखवलं, नऊ वर्षं सांगितली. मुलगी "हाय, हाय" म्हणत सगळं ऐकून घेत होती. जपानीत 'हाय' म्हणजे हो, पण ऐकतेय एवढ्याच अर्थाचं हो, हे मला तिसऱ्या 'हाय'ला कळलं. अशा चुकीच्या परवान्यावर गाडी चालवली तर जपानी कायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना चालवणं होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. वर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार ते वेगळंच.

तेवढ्यात मागून भावाचा हात पुढे आला. हातात पुण्याची पुस्तिका. मुलीने तीही दोन्ही हातांनी घेतली, तारीख पाहिली, १९ सप्टेंबर १९४९, आणि पहिल्यांदाच मनापासून हसली. भाऊ काही बोलला नाही. हे त्याच्या स्वभावात अजिबात बसत नाही, म्हणून मला ते जास्त लागलं. आई मागच्या सोफ्यावरून म्हणाली, "सांगितलं होतं ना मी, असू दे म्हणून?"

गाडी मिळाली सुझुकीची, चौकोनी, डब्याच्या आकाराची. भाड्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर जपानीतलं 'वा' नाहीतर 'रे' हे अक्षर असतं. आमच्यावर 'वा' होतं. भाऊ उजवीकडच्या सीटवर बसला, उजव्या हाताने इंडिकेटर दिला आणि निघाला. त्याची पुण्यातली स्विफ्ट, त्याआधीची बाबांची मारुती ८००, सगळ्यांचा इंडिकेटर उजव्याच बाजूला. सुझुकीने आपल्या गाड्यांची ही रीत हमामात्सूहून गुडगावला जशीच्या तशी पाठवली होती. डावीकडून चालणारी वाहतूक, उजवीकडे स्टिअरिंग, इंडिकेटरची दांडी हाताच्या जागी. माझ्या भावाला जपान घरच्यासारखं होतं. परकी मी होते, शेजारच्या सीटवर. सवयीने डावा पाय क्लचवर गेला, तिथे नुसतं पायपुसणं होतं.

त्या सीटवर बसून मला सारखं आठवत होतं ते माझं पहिलं लायसन.

२००५च्या जूनमध्ये, अठरा पूर्ण होऊन चार महिने झाल्यावर, सांगलीत मी पक्कं लायसन काढलं. मोटार ट्रेनिंग स्कूलची मारुती ८०० होती, सरांच्या पायाशी जादा ब्रेक असलेली. विश्रामबागच्या बाजूला सकाळी सहाला रस्ता मोकळा असायचा तेव्हा शिकवायचे. ट्रायलच्या दिवशी आईने दही-साखर दिली होती. लायसनवर फोटो दोन वेण्यांतला. त्यानंतर अकरा वर्षं, सांगली आणि मग पुणे, मी त्याच लायसनवर चालवली.

२०१६ साली जर्मनीला गेले. तिथे राहायला येणाऱ्याचं भारतीय लायसन सहा महिने चालतं. सहा महिने म्हणजे सहाच. सातव्या महिन्यात तेच लायसन खिशात घेऊन तुम्ही विनापरवाना चालक होता आणि तो तिथे फौजदारी गुन्हा आहे. काही देशांच्या लायसनधारकांना नुसतं बदलून मिळतं. जपानी माणसाला मिळतं. आपण त्या यादीत नाही. आपल्याला सक्तीचे तास भरावे लागत नाहीत एवढीच सूट. डोळे तपासून घ्या, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग करा, लायसनचं अधिकृत भाषांतर जोडा, लेखी द्या, प्रात्यक्षिक द्या.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, अरबीत आणि तुर्कीतही येते. तीस प्रश्न, चुकांचे दहा गुण झाले तरी पास, त्यापुढे गेलात की नापास. पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होते, तरी नापास. सुरुवातीला हे मला फार जर्मन वाटलं. नंतर लक्षात आलं की पाच गुणांचे प्रश्न म्हणजे ज्यात कुणीतरी मरू शकतं असे प्रश्न.

प्रात्यक्षिकासाठी मला जे शिकवणारे मिळाले ते साठीचे होते आणि पहिल्या दिवशी त्यांनी फक्त एकच गोष्ट शिकवली: मान वळवणं. आरसा खोटं बोलतो, खांद्यावरून मागे बघ. लेन बदलताना, वळताना, रस्त्याच्या कडेने निघताना, दरवाजा उघडतानासुद्धा. "तू गाडी उत्तम चालवतेस," ते दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "पण तू समोरच्याच्या वागण्याचा अंदाज घेत चालवतेस. इथे अंदाज घेऊ नकोस. नियम पाळ. समोरचाही पाळणार आहे." मी बरेच दिवस या वाक्यावर चिडून होते. पुण्यात अंदाज सोडला तर माणूस कर्वे रोड ओलांडून घरी पोचणार नाही.

आणि स्टुटगार्ट हे वाडग्यासारखं शहर, चारी बाजूंनी टेकड्या, टेकड्यांवर अरुंद चढणीच्या गल्ल्या. गल्लीत पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून उजवीकडे बघायचं. आपल्या नियमांतही, पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्याला जाऊ द्या, असंच लिहिलेलं आहे. ते मी जर्मनीत परीक्षेचा अभ्यास करताना पहिल्यांदा शोधून वाचलं. सांगलीत आमचा समज असा होता की ज्याचं चाक मोठं त्याचा मान पहिला.

पास झाले दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला तीसच्या गल्लीत अडतीसने गेले होते. एवढं पुरे.

मग लायसन घ्यायला कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी गुलाबी कार्ड दाखवलं आणि म्हणाल्या, आता तुमचं भारतीय द्या. मला वाटलं, नोंदवून परत देतील. त्यांनी ते एका लिफाफ्यात घातलं, लिफाफ्यावर नंबर टाकला आणि मागच्या कपाटाचा एक खण ओढून त्यात ठेवला. मी विचारलं, परत कधी मिळेल? त्यांनी कायदा समजावून सांगितला. अशा देशांतलं लायसन ठेव म्हणून ठेवून घेतात, फाडत नाहीत. कधीही परत मागता येतं. मात्र त्याच्या जोरावर मिळालेलं जर्मन लायसन आणून द्यावं लागतं. दोन्ही एका वेळी नाही.

तेव्हा मला हा सौदा अगदी रास्त वाटला. लॅमिनेशन सुटलेला एक जुना कागद देऊन अख्ख्या युरोपात चालणारं कार्ड घेतलं होतं. कोण कशाला रडेल?

होक्काइदोतल्या त्या सीटवर बसून मी हिशेब करत होते. तो कागद खणात नसता तर दर डिसेंबरला घरी जातेच, तेव्हा हजार रुपये भरून भावासारखीच पुस्तिका घेऊन आले असते. म्हणजे तिशीत, परक्या भाषेच्या देशात, मान वळवायला शिकून दोन खेपांत जी परीक्षा पास झाले ती इथे नुसत्या पुस्तिकेवर चालत नव्हती. दही-साखर खाऊन अठराव्या वर्षी जी दिली ती चालली असती.

हे मी मोठ्याने बोलून दाखवलं तर भाऊ म्हणाला, "ताई, डावीकडे बघ, लॅव्हेंडर."

दुसऱ्या दिवशी साप्पोरोहून फुरानोला जाताना त्याने मुद्दाम एक्स्प्रेसवे सोडला. त्याला १२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा होता. बिबाईपासून ताकिकावापर्यंत तो २९.२ किलोमीटर सरळसोट आहे, जपानमधला सर्वांत लांब सरळ रस्ता. याची पाटीसुद्धा लावलीय. फार देखणा रस्ता आहे असं नाही. दोन्हीकडे दुकानं, पेट्रोल पंप, कांद्याची शेतं, मधून मधून सिग्नल. पण एकही वळण नाही. माझा भाऊ साठच्या खाली-वर न होता, पुढच्या गाडीशी अंतर राखून, पूर्ण २९.२ किलोमीटर चालवत राहिला. रेल्वे फाटक आलं की फाटक उघडं असलं तरी पूर्ण थांबायचा, दोन्हीकडे बघायचा, मग निघायचा. जपानमध्ये तसा नियम आहे. त्याला कुठून माहीत? विमानात वाचला, म्हणाला. आठ दिवसांत त्याने हॉर्न एकदाही वाजवला नाही. नावं ठेवायला मला काहीच मिळेना, तेव्हा मी सूचना द्यायला लागले. उजवीकडे बघ, उजवीकडे! तो शांतपणे म्हणाला की पाटी नसलेल्या चौकात इथे डावीकडच्याचा मान आहे. मी मोबाइलवर तपासलं. होता.

वाटेत रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर खाली टोक केलेले लाल-पांढरे बाण दिसत होते, शेकड्यांनी. जुलैच्या उन्हात ते कशाला हे आईला कळेना. हिवाळ्यात बर्फाखाली रस्ताच दिसत नाही, तेव्हा रस्त्याची कड इथे आहे एवढं सांगण्यासाठी ते असतात. आई बराच वेळ ते बाण बघत बसली.

रात्री मी हॉटेलमध्ये उपाय शोधत होते. असं काही शोधायला लागलं की लगेच जाहिराती येतात: आंतरराष्ट्रीय लायसन, दोन तासांत, कुठल्याही देशासाठी, वीस वर्षं मुदतीचं, सोबत प्लास्टिकचं कार्ड मोफत. असल्या कागदाची किंमत शून्य आहे. ज्या देशाने लायसन दिलं त्याच देशाने नेमलेल्या कचेरीतून किंवा संस्थेतून पुस्तिका निघू शकते आणि ती एक वर्ष किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं चालते. तरी, खरं सांगते, रात्री साडेअकराला मी एका जाहिरातीवर मिनिटभर थांबले होते.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न टाकला तर दहा देशांतून उत्तरं आली. इंग्लंडमधल्या मैत्रिणीचं म्हणणं, तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानात साडेपाच पौंडांत मिळतो. पण दुकानदार विचारतो, तिन्हींपैकी कुठला देऊ? १९२६, १९४९ की १९६८? ब्रिटन तिन्ही देतं. चीनला जाऊन आलेल्या एकाने लिहिलं, तिकडे कुठलाच चालत नाही, विषय मिटला.

खरं उत्तर आलं टोकियोच्या निशि-कासाईतून, जिथे आपली निम्मी आयटी राहते. तिथल्या मैत्रिणीने लिहिलं की जर्मन लायसनला जपानमध्ये पुस्तिका लागतच नाही. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम, मोनॅको आणि तैवान, या सहांची लायसनं जपान थेट मानतं, फक्त सोबत अधिकृत जपानी भाषांतर हवं. ते जाफ, म्हणजे जपान ऑटोमोबाइल फेडरेशन, करून देतं. चार हजार येन. ऑनलाइन अर्ज करायचा, लायसनचे फोटो जोडायचे, तपासून झालं की क्रमांक येतो, तो कोपऱ्यावरच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमधल्या छपाई यंत्रात टाकायचा. बाहेर पडेल तो कागद म्हणजे परवानगी.

"हे निघण्याआधी विचारलं असतंस तर?" तिने पुढे लिहिलं होतं. मी अंगठा पाठवला.

तिची स्वतःची कथा आणखी वेगळी. ती जपानमध्ये राहणारी, तेव्हा भारतीय पुस्तिकेवर तिला एकच वर्ष चालवता आली. पुस्तिका संपली की पुण्याला जाऊन नवी आणू, असा विचार बरेच जण करतात. पण जपानचा रहिवासी असाल तर देशाबाहेर सलग तीन महिने राहिल्याशिवाय नवी पुस्तिका मोजतच नाहीत. दिवाळीची दहा दिवसांची फेरी उपयोगाची नाही. मग लायसन बदलून घ्यावं लागतं. तिने घेतलं तेव्हा लेखीला दहा प्रश्न होते, सात आले की पास. २०२५च्या ऑक्टोबरपासून ते पन्नास झालेत आणि नव्वद टक्के लागतात. नकाशातल्या गल्लीबोळासारख्या आखलेल्या मैदानात गाडी चालवायची ती परीक्षा वेगळीच. ती तीनदा नापास झाली. चौथ्या खेपेला परीक्षकाने तिला सांगितलं की तुम्ही आरसा पाहता, पण पाहिलात हे मला दिसत नाही. मान हलवा. मी वाचून मोठ्याने हसले. माझ्या साठीच्या गुरुजींचा हा टोकियोतला भाऊ असणार.

पाचव्या दिवशी संध्याकाळी अबाशिरीत क्रमांक आला. हॉटेलसमोरच्या स्टोअरमध्ये, एका बाजूला गरम कोंबडीचे तुकडे आणि दुसऱ्या बाजूला छत्र्या, मध्ये ते छपाई यंत्र. कागद गरम गरम हातात आला. वर जर्मन लायसनचा तपशील, सगळा जपानीत. माझं नाव ओळखू येईना म्हणून मैत्रिणीला फोटो पाठवला. तिने अक्षरं लावून दिली. आमच्या आडनावात 'ळ' आहे. पासपोर्टवर त्याचा इंग्रजी 'एल' झाला, जर्मनीत तो 'ल' झाला आणि जपानीत 'ल' नसल्यामुळे आता तिथे 'रु' आहे. भाऊ म्हणाला, "आडनाव काहीही असू दे, तारीख बरोबर आहे ना बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला फोन करून दुसरी चालक म्हणून माझं नाव घालून घेतलं आणि मी उजवीकडच्या सीटवर बसले. ओखोत्स्क समुद्राच्या कडेने शारी आणि पुढे उतोरो. शारीपाशी पुन्हा एक सरळ रस्ता लागतो, चढत-उतरत आकाशात जाऊन मिळाल्यासारखा दिसतो. म्हणून 'आकाशाला जाणारा रस्ता' असंच त्याचं नाव आहे. साधारण २८ किलोमीटर. म्हणजे भाऊ एका किलोमीटरने पुढे राहिला. त्याने हे सांगायचं सोडलं नाही.

नऊ वर्षं उजवीकडून चालवल्यावर डावीकडे यायचं म्हणजे काही फार कठीण नसतं. शरीराला जुनं आठवतं. फक्त हात नवं विसरत नाही. पहिल्याच वळणाला मी डावीकडची दांडी ओढली आणि लख्ख उन्हात वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर खर्र-खर्र. भाऊ समोर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"पाऊस आहे का गं?" आईने मागून विचारलं.

"नाही गं आई."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आईनेच विषय काढला. "तुझं ते सांगलीचं लायसन, ते कुठंय म्हणालीस?"

"स्टुटगार्टच्या कचेरीत. खणात."

"मागून घे की परत."

मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. परत घ्यायचं तर जर्मन द्यावं लागेल. आणि शिवाय ते वीस वर्षांसाठी होतं. २००५च्या जूनमध्ये काढलेलं, मागच्या महिन्यात त्याची मुदत संपली. खणातल्या खणात. कुणाला पत्ताही लागला नसेल.

आई यावर विचार करत होती. समुद्र डाव्या हाताला होता, राखाडी, सपाट.

"मग नुसता फोटो तरी सोडवून दे म्हणावं त्यांना," ती म्हणाली. "दोन वेण्यांतला तुझा तेवढा एकच बरा आलाय."